हयातीचा दाखला

बँकेतलं अंगठा टेकवायचं ते यंत्र काडेपेटीहून जरासं मोठं. आत लाल दिवा लागायचा, आमच्या चाळीतले काका अंगठा ठेवायचे, दिवा दोन-तीनदा लुकलुकायचा आणि विझायचा. काउंटरपलीकडची मुलगी वयानं माझ्या लेकीएवढी. "आजोबा, जरा दाबून ठेवा ना," असं तिनं चार-पाच वेळा सांगितलं. उजवा अंगठा झाला, डावा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. तिनं ओल्या रुमालानं यंत्राची काच पुसली, मी माझ्या ओढणीनं काकांची बोटं पुसली. मागे नोव्हेंबरातली नेहमीची पेन्शनरांची रांग, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात काठी, आणि सगळ्यांची नजर आमच्यावर. शेवटी ती मुलगी हताश होऊन म्हणाली, "यांचे ठसेच उमटत नाहीत हो. बोटं पार गुळगुळीत झालीत." काकांनी दहाही बोटं डोळ्यांसमोर धरली, उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "दगडाला टाकी लावता येती, पोरी. बोटाला कुठनं लावायची?"

तिला ते कळलं नाही. कळायचं काही कारणही नव्हतं. बोटांचं जमेना म्हणून तिनं मोबाइलवर चेहरा ओळखणारं अ‍ॅप उघडलं, आणि ते सुरू होईपर्यंत गप्प कशाला बसायचं म्हणून विचारलं, "आजोबा, मिलिटरीत काय होता तुम्ही?" मला राहवलं नाही, त्यांच्याआधी मीच बोलले. "मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. एकाहत्तरच्या लढाईत बांगलादेशात जमालपूरला होते." माझा आवाज चढलाच असणार, कारण रांगेतले दोघे-तिघे पुढे वाकून बघायला लागले. आणि माझं वाक्य पुरतं संपायच्या आत काका म्हणाले, "गिरणी हाय माझी. लालबागला."

मग अ‍ॅपनं डोळे मिचकवायला सांगितलं. काका सावधानमध्ये उभे. पाठ ताठ, हनुवटी वर, नजर समोर. पापणी हलेना. मी कानाशी वाकून म्हटलं, "काका, डोळे मिटा एकदा," तेव्हा त्यांनी डोळे मिटले, चांगले दोन-तीन श्वास मिटून ठेवले आणि मग उघडले. दाखला निघाला. सत्त्याऐंशी वर्षांचा हा माणूस २०२३च्या नोव्हेंबरात हयात आहे, अशी नोंद झाली.

'गिरणी हाय माझी' हे मात्र माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचा राग आला होता. मी इतक्या अभिमानानं चार लोकांत त्यांची ओळख करून दिली आणि त्यांनी ती हातानं बाजूला सारावी तशी सारली. त्यातून आम्ही तिथं आलो होतो ते फौजेच्या पेन्शनसाठी. गिरणीचा तिथं संबंध काय? आणि कसली गिरणी? तेव्हा ती दिवसातून जेमतेम दोन तास चालायची. सकाळी पाच-सहा डबे आले तर आले. टॅक्सीत बसल्यावर मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ते खिडकीतून भारतमाता थिएटरकडे बघत बसले होते, मी दाखल्याच्या कागदाची घडी घालत बसले होते. मनात म्हटलं, विचारू कधीतरी. पुढच्या मे महिन्यात ते गेले. तेव्हापासून मी त्या उत्तराच्या मागे मागे फिरते आहे.

लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला 'गिरणी' हा शब्द दोनदा शिकावा लागतो. एक मोठी गिरणी, जिथं वडील पाळीला जायचे, जिच्या भोंग्यावर आमच्या चाळीत स्टोव्ह पेटायचे, नळावरची भांडणं सुरू व्हायची, झोपलेल्या रात्रपाळीवाल्यासाठी पोरांचे आवाज दाबले जायचे. आणि दुसरी पिठाची गिरणी, जिथं आम्ही पोरं डबा घेऊन जायचो. हवालदारकाकांची गिरणी आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या गाळ्यात. सन १९७५ला ते फौजेतून सुटले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती सुरू केली. आत शिरलं की आधी कान बधिर व्हायचे, मग नाकात गरम दगडाचा आणि भाजक्या ज्वारीसारखा वास भरायचा, आणि डोळे सरावले की पांढऱ्या धुक्यातून काका दिसायचे. त्यांच्या भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळ्यावर पीठ. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चाळिशीत होते, पण आम्हा मुलांना ते कायमच म्हातारे वाटायचे, आणि ते खरंच म्हातारे झाले तेव्हा आम्हाला फारसा फरक जाणवला नाही.

त्यांच्या हाताची एक सवय मला अजून दिसते. पट्टा फिरत असायचा, कापडी नळीतून पीठ डब्यात पडत असायचं, आणि ते मध्येच हात घालून चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरायचे. चोळायचे. बघायचे नाहीत, नुसते चोळायचे, आणि मान वर करून कुठेतरी छताकडे लक्ष. मग दांडी किंचित फिरवायची, दगड एकमेकांच्या जरासे जवळ आणायचे, पुन्हा चिमूट. भाकरीची ज्वारी, पुरणपोळीचा गहू, घावनाचे तांदूळ, लाडवाचं रवाळ बेसन, प्रत्येकाचा पोत वेगळा आणि तो त्या दोन बोटांना ठाऊक. दगड जास्त आवळले की पीठ बारीक येतं पण जळतं. जळलेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, आणि मग घरात सुनेला बोलणी बसतात. हे शेवटचं ते फार गंभीरपणे सांगायचे. "पीठ माझं बिघडलं तर भांडण तुमच्या घरात लागतंय." कुठल्या घरात भाकरी पातळ थापतात, कुठल्या घरी म्हाताऱ्याला दात नाहीत, कुणाकडे नाचणी सुरू झाली म्हणजे कुणाची तरी बाळंतीण आली आहे, हे त्यांना डब्यावरून कळायचं. डब्यांवर नावं रंगवलेली असत, पण ते नाव वाचायचे नाहीत. कुठल्या डब्याला कुठे पोच आहे ते त्यांना पाठ होतं.

चाळीस वर्षं, दिवसाला शंभरदा, चिमूट चोळणारी ती बोटं. यंत्राला त्यांच्यात काय सापडणार होतं?

फौजेतली वीस वर्षं आमच्यापर्यंत फार थोडी आली. गाव साताऱ्याकडचं. साताऱ्याजवळ अपशिंगे म्हणून गाव आहे, ज्याच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. काका तिथले नव्हेत, पण त्याच मातीतले, त्यामुळे वयात आलेल्या पोरानं भरतीला जायचं यात त्यांना काही विशेष वाटायचं नाही. एकोणिसाव्या वर्षी गेले. बेळगावला ट्रेनिंग, आणि मग जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. या पलटणीची उभारणी १७६८ साली मुंबईतच झाली होती, कंपनी सरकारच्या बेटांच्या राखणीसाठी, हे मला मोठेपणी वाचून कळलं. मी धावत त्यांना सांगायला गेले, "काका, तुमची पलटण मुंबईची!" तर ते म्हणाले, "असंल. आम्ही कधी मुंबईत नव्हतो." आमच्या भागात हवालदार म्हटलं की लोकांना पोलीसच आठवतो. नव्या भाडेकरूंना वर्षानुवर्षं वाटायचं की हे निवृत्त पोलीस. कुणी घरातली भांडणं मिटवायला बोलवायचं, कुणी त्यांच्या समोर गुपचूप विडी विझवायचं. काकांनी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. पंधरा ऑगस्टला मंडळाची पोरं त्यांना झेंडावंदनाला बोलवत. ते येत, पदकांची पट्टी लावत, सलाम करत आणि साडेआठला गिरणी उघडायला परत जात. भाषण कधीच नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला थोडं जड जातं. गिरणी कामगारांच्या संपाची दोन वर्षं. तो १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि माझे वडील त्यांतले एक. मी नऊ वर्षांची होते. आधी गंमतच वाटली. वडील दिवसा घरी, चाळीच्या गॅलरीत पत्ते, सभा, घोषणा. मग भोंगा वाजेनासा झाल्याचं एके दिवशी अचानक लक्षात आलं. पहाटे जाग यायची आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. अर्धी चाळ गावाला गेली. राहिलेल्यांच्या घरी युनियननं वाटलेलं धान्य, रेशनचा गहू, गावाकडून कुणी पाठवलेली ज्वारी. आणि या सगळ्या शांततेत तळमजल्यावर ती एक गिरणी तेवढी घरघरत होती. आईला काकांनी काम दिलं. दादरच्या, परळच्या जरा बऱ्या घरांतून पोत्यानं गहू दळायला यायचा, तो निवडून, पाखडून द्यायचा. किलोमागे पैसे ठरलेले. आई दुपारभर सूप घेऊन बसायची, मी खडे वेचायची. त्या पैशांवर आमचं रॉकेल यायचं, माझी वही यायची. शेजारच्या दोघी-तिघींनाही त्यांनी हेच काम दिलं. त्यांनी उपकाराची भाषा कधी केली नाही. मोजून काम, मोजून पैसे, आणि गव्हात खडा सापडला की आईलाही सुनवायचे.

पण संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी दळणाचा दर किलोमागे पाच पैशांनी वाढवला. गाळ्याबाहेर खडूनं नवा दर लिहिला. मला ती पाटी आठवते, कारण त्या संध्याकाळी वडील खाली गेले आणि मोठ्यानं बोलले. आमच्या घरात चूल पेटायची पंचाईत आणि हा महिन्याला पेन्शन खाणारा माणूस आमच्या पिठावर पाच पैसे लावतो. शेवटी मालक तो मालकच. वडील असं मोठ्यानं कधी बोलत नसत. काका काही बोलले नाहीत. त्यांनी मोटर बंद केली, वडील बोलून संपेपर्यंत थांबले, मग पुन्हा चालू केली. पाटी पुसली नाही. त्या दिवसानंतर वडील त्यांच्याशी बोलले नाहीत. संप विरला, अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, वडील पुढे एका इमारतीत वॉचमन झाले, आणि जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं एकमेकांना वाट देऊन निघून जायचे. इतकी वर्षं मी या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. विजेचं बिल वाढलं असेल, गिऱ्हाईक निम्मं झालं असेल, हे कळतं. तरीही ती पाटी आठवली की आजही पोटात काहीतरी आवळतं. आणि लगेच सूप घेऊन बसलेली आई आठवते. एकाच माणसाकडून आलेली ही दोन्ही दळणं.

वडील गेले ते २००१ साली. पिंडांसाठी जवाचं पीठ लागतं. भाऊ म्हणाला, दुकानातून तयार आणू. रात्री साडेदहाला खालून गिरणीचा आवाज आला. एवढ्या उशिरा त्यांनी ती कधीच लावली नव्हती. मी जिन्यातून डोकावले, तर काकांनी नळी काढून धुतली होती, गाळा झाडून पुसून घेतला होता, आणि आंघोळ करून ओल्या केसांनी एकटे उभे राहून पाव-अर्धा किलो जव दळत होते. सकाळी कागदाची पुडी आमच्या उंबऱ्यावर होती. घरात कुणी काही बोललं नाही. आईनं पुडी उचलून देवापुढे ठेवली.

त्यांनी लढाईबद्दल मला एकदाच काही सांगितलं, आणि तेही वीज गेली म्हणून. टाळेबंदीचं वर्ष. त्यांचा मुलगा फोनवर रोज ओरडायचा, या वयात गाळा उघडू नका म्हणून, आणि ते रोज सकाळी तोंडाला फडकं बांधून उघडायचे. वय चौऱ्याऐंशी. बाहेर रस्त्यावर त्यांनी चुन्यानं गोल आखले होते, एका गोलात एक माणूस. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. माझी ज्वारी अर्धी दळून झाली होती. मोटरीचा आवाज खाली खाली येत गेला, पट्टा फडफडला, दगड स्वतःच्याच जोरावर थोडा वेळ फिरत राहिले आणि थांबले. मग इतकी शांतता झाली की समोरच्या पिंपळाची पानं ऐकू आली. काका स्टुलावर बसले. मी विचारलं, "काका, जमालपूरला असतानाच त्या पाकिस्तानी कर्नलनं चिठ्ठीत गोळी गुंडाळून पाठवली होती ना?" ही गोष्ट मी वाचली होती. शरण या म्हणून आपल्याकडून पत्र गेलं आणि उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. त्यांनी मान हलवली. "ती साहेबलोकांची गोष्ट. आम्ही खड्ड्यात होतो."

मग आपणहून बोलत राहिले, तुटक तुटक. ब्रह्मपुत्रा ओलांडून शत्रूच्या पाठीमागे जाऊन रस्ता अडवला होता. डिसेंबरची थंडी, कपडे ओले, चूल पेटवायची नाही, विडी ओढायची नाही. १० तारखेच्या रात्री ते लोक त्याच रस्त्यानं बाहेर पडायला निघाले आणि यांच्या अंगावर आले. त्या रात्रीबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, "सकाळी उजाडू नये असं वाटत हुतं." मी पुढे काही विचारलं नाही. ते आपल्या हातांकडे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, सगळं संपल्यावर, ढाका पडल्यावर, एका गावाबाहेर मुक्काम होता. गावात चिटपाखरू नाही. घरं उघडी, चुली थंड, कुत्रीसुद्धा नाहीत. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या पहाटे अंधारात धप्प, धप्प, धप्प असा आवाज आला. पहाऱ्यावरच्या पोरानं इशारा दिला, सगळ्यांनी रायफली उचलल्या, वाकत वाकत आवाजाच्या रोखानं गेले. झाडीपलीकडे एक झोपडी. आत दिव्याच्या उजेडात एक म्हातारी आणि तिची सून लाकडी ढेकीवर भात कांडत होत्या. सून पायानं दाबायची, म्हातारी उखळात हात घालून भात सारायची. "त्या आमच्याकडं बघत राहिल्या, आम्ही त्यांच्याकडं. पर सुनेचा पाय थांबला न्हाई." ते एवढं म्हणून गप्प झाले. मग म्हणाले, "आमचा सुभेदार बोलला, चला, मानसं परत आली."

वीज आली. मोटर घरघरली आणि माझी उरलेली ज्वारी दळली गेली.

या पहाटेमुळे त्यांनी पिठाची गिरणी काढली, असं म्हणायचा मोह मला झाला आहे, पण त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, आणि त्यांच्या तोंडी मी ते घालणार नाही. कदाचित हाताशी पैसे होते, गाळा रिकामा होता, एवढंच असेल. पण तेव्हापासून मला संपातला तो काळ वेगळा ऐकू यायला लागला. मोठ्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले, अर्ध्या खोल्यांना कुलपं लागली, आणि ते एकटे रोज सकाळी दगड फिरवत राहिले. कुठल्या जिन्यातून डबा उतरतो आणि कुठल्या जिन्यातून उतरायचा थांबला आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. ज्या घरातून आठवडाभर डबा आला नाही, त्या घरी ते मुलाला पाठवायचे, "आजारी हाय का गावाला गेलं, बघून ये." तेव्हा आम्हाला तो त्यांचा फौजी चौकसपणा वाटायचा.

शेवटची दहा-बारा वर्षं गिरणी त्यांच्याबरोबर म्हातारी झाली. आजूबाजूला टॉवर उभे राहिले. तिथल्या घरांत एकतर घरघंटी असते नाहीतर पाच किलोची पिशवी मोबाइलवरून येते. चाळीतल्या नव्या सुनांना डबा घेऊन खाली उतरायला वेळ नसतो, आणि मी त्यांना दोष देत नाही, मीही किती वेळा पिशवीच आणली. फक्त दिवाळीच्या आधी पंधरा दिवस चकलीच्या भाजणीला रांग लागायची, आणि एप्रिल-मेमध्ये वाळवणाची, पापड-कुरडयांची थोडीफार दळणं. तरी दगडांना टाकी लावायचं त्यांनी चुकवलं नाही. दळून दळून दगडाच्या रेघा झिजतात, मग दाणा चिरडला जातो, कापला जात नाही. टाकी लावायला पूर्वी एक कारागीर यायचा, तो यायचा बंद झाल्यावर काका स्वतः करायला लागले. त्यांच्या शेवटच्या एप्रिलमध्ये मी त्यांना पाहिलं ते असं. वरची तळी उलटी करून पोत्यावर ठेवलेली, ते तिच्यासमोर मांडी घालून, चष्म्याला दोरी, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात छोटा हातोडा. टक, टक, टक. मधून कडेपर्यंत एक रेघ, तिच्या शेजारी दुसरी. मध्येच फुंकर घालायची, भुकटी उडायची, बोट फिरवून बघायचं. ज्या बोटाला बँकेच्या यंत्रानं नाकारलं तेच. हात कापत होता, पण घाव जागेवर पडत होता. "आता कशाला काका, येतंय कोण?" मी विचारलं. ते न थांबता म्हणाले, "उन्हाळी दळणं येत्याल की." त्या उन्हाळ्यात मला वाटतं चार-पाच डबे आले.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात, पहाटे, झोपेत गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं आयुष्य, कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणाले. चाळीच्या फळ्यावर कुणीतरी 'माजी सैनिक' असं लिहिलं आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बायका खरोखर चकित झाल्या, त्यांना पोलीसच वाटत होते. पलटणीतले दोन वृद्ध सहकारी आले होते. एकाला मुलानं धरलं होतं. त्यांनी तिरडीसमोर सलाम केला आणि खाली आणलेला हात कितीतरी वेळ शिवणीवर तसाच ठेवला. ते बघून मला रडू आलं. मग तेराव्यानंतर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी एकाहत्तरचं युद्ध सांगितलं, शौर्य सांगितलं, शत्रूला पाणी पाजलं असं सांगितलं, चिठ्ठीतल्या गोळीची गोष्टही सांगितली. सगळं खरं, आणि मनापासून सांगितलेलं. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उठले नाही. मी उठून काय म्हटलं असतं? त्यांच्या आयुष्याची वीस वर्षं तुम्ही सांगितलीत, अठ्ठेचाळीस राहिली, असं? ज्या माणसानं इतकी वर्षं आमच्या घराघरांतली भाकरी जमवून दिली, त्याच्या गिरणीचं नावही त्या तासाभरात कुणी घेतलं नाही, आणि मी तिथं बसून होते. मला ते अजून खातं. सभा संपली, चपला शोधत होतो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "आता भाजणी गं कुठं द्यायची?"

मला वाटतं बँकेतल्या त्या मुलीला काकांनी खरं उत्तर दिलं होतं. मिलिटरीत काय होतात, असं तिनं विचारलं, आणि ते कोण आहेत ते त्यांनी सांगितलं.

जूनमध्ये गाळा रिकामा केला. चाळ पुनर्विकासात चालली आहे, कागदपत्रं झालीत. काकांच्या मुलीनं वजनकाटा ठेवून घेतला, मोटर आणि पट्टा भंगारवाल्यानं नेला. दगड कुणी घेईना. हमाल म्हणाला, उचलायचे पैसे दगडाच्या किमतीहून जास्त होतील. म्हणून दोन्ही तळ्या जिन्याखाली नळाजवळ टेकवून ठेवल्या. पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी मी कामावरून परत आले तेव्हा पोरं वरच्या तळीवर उभं राहून पाय धूत होती. ती गेल्यावर मी छत्री मिटली आणि खाली बसले. सगळ्या रेघांमध्ये पाणी साचलं होतं, मधून कडेपर्यंत, एकीशेजारी एक. मी अंगठा त्यावर ठेवला आणि आडवा फिरवला. टाकी ताजी होती. रेघा बोटाला चांगल्याच लागत होत्या.